अकरा ते चारची माणसं

त्या इमारतीला संकटाच्या तयारीचं भारी वेड होतं आणि त्या वेडाचे सेनापती होते सेक्रेटरीकाका. गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेला कागद आणि चेहरा असा, की आता फक्त आग लागायचीच काय ती बाकी आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला ते तळमजल्यावरची घंटा वाजवायचे आणि सहा मजल्यांची इमारत चार मिनिटांत रिकामी व्हायची. चार मिनिटांत! आजूबाजूच्या एकाही इमारतीला हे जमलेलं नव्हतं.

जमणार कसं? तिकडचे बिचारे घंटा झाल्यावर निघायचे. इथले लोक पावणेदहालाच बूट घालून, केस विंचरून, पिशवी काखेत मारून दारामागे उभे असायचे. काहीजण तर आधीच खाली येऊन फाटकाशी गप्पा मारत असायचे. घंटा झाली की तेवढ्यापुरतं जिन्याकडे जाऊन परत यायचे. पिशव्यांचं तर विचारूच नका. पाणी, टॉर्च, औषधं, कागदपत्रांच्या प्रती, एवढंच ठेवा म्हणून काकांनी छापील यादी वाटली होती. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या पिशवीत इस्त्रीचे कपडे निघाले. “बाहेर चार लोकांत उभं राहायचं, तर चुरगळलेलं घालून कशी उभी राहू?” हा त्यांचा सवाल.

इमारतीत एकच माणूस कधी खाली यायचं नाही. पाचव्या मजल्यावरच्या काजमावशी. शहरातल्या अर्ध्याअधिक शिंप्यांच्या शर्टांना काजं करायच्या त्या याच. हात मशीनपेक्षा चलाख, पण सहा वर्षांपूर्वीच्या आजारानं पाय गेले होते. एरवी त्या चाकाच्या खुर्चीतून लिफ्टनं येत-जात. घंटा झाली की मात्र लिफ्ट बंद, कारण आगीत लिफ्ट वापरायची नसते. म्हणून दर दुसऱ्या रविवारी काजमावशी खिडकीत बसून खालच्या मंडळींना हात करायच्या आणि काका कागदावर लिहायचे, ‘पाचवा मजला, खिडकीत हजर’. पुढे बरोबरची खूण.

भिंगरीला ही खूण बघितली की चीड यायची. भिंगरी म्हणजे चौथ्या मजल्यावरची, नववीतून नुकतीच दहावीत गेलेली. एका जागी बसायची नाही म्हणून सगळ्या इमारतीनं तिचं हे नाव पाडलेलं. शाळा सुटली की ती काजमावशींकडे, दोरे ओवून द्यायला आणि त्याहून जास्त बडबडायला. तिच्या बडबडीला दाद देणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

“खिडकीत हजर म्हणजे काय हो काका?” एकदा तिनं विचारलंच. “खरी आग लागली तर मावशी खिडकीतच हजर राहणार का?”

“तू अभ्यास कर,” काका म्हणाले. मोठ्यांना उत्तर सुचत नाही तेव्हा ते अभ्यासाचं नाव काढतात, हे भिंगरीला पाचवीपासून माहीत होतं.

आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शहराच्या अग्निशमन केंद्राची नोटीस आली. येत्या दोन महिन्यांत कधीही, कुणालाही न सांगता, केंद्राचे लोक येतील आणि घंटा वाजवतील. दहा मिनिटांत इमारत रिकामी झाली पाहिजे. शेवटच्या ओळीखाली जाड रेघ होती: एकूण एक माणूस खाली आलं पाहिजे.

ही नोटीस काजमावशींच्या भाचीनं वाचली. भाची शहराच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर राहायची. बाई मायेची, पण एकदा मनात घेतलं की ऐकायची नाही.

“मावशी, पुरे झालं आता. यांना तुला दहा मिनिटांत खाली आणता आलं तर ठीक. नाही आणता आलं, तर मी गाडी घेऊन येते आणि तुला उचलून नेते. माझ्याकडे मागची खोली रिकामीच आहे.”

“त्या खोलीला खिडकी आहे का गं?”

“आहे की. भिंतीकडे उघडते.”

काजमावशी हसल्या. पण भाची गेल्यावर त्यांच्या हातून सलग तीन काजं वाकडी झाली. भिंगरीनं ती मोजली. तीस वर्षांचं गिऱ्हाईक, शिलाई मशीन, सगळी वर्दळ दिसणारी पाचव्या मजल्यावरची खिडकी, हे सगळं सोडून भिंतीकडे बघत बसायचं?

“मी नाही जाऊ देणार तुम्हाला,” भिंगरी म्हणाली.

“तू काय, मला पाठुंगळीला घेऊन नेणारेस?”

“बघाच तुम्ही!”

दोन दिवसांनी गच्चीवर सभा झाली. मागच्या वर्षीपर्यंत भिंगरी सभेत आईच्या पाठीमागे बसून नखं कुरतडायची. या वर्षी ती पहिल्या रांगेत. काकांनी मोठ्या आवाजात वाचून दाखवलं, “काजमावशींना उचलायला चार दणकट माणसं नेमली आहेत. बसड्रायव्हर, बँकवाले, व्यायामशाळेवाले आणि भिंगरीचे बाबा.” टाळ्या झाल्या. व्यायामशाळेवाल्यांनी दंड फुगवूनही दाखवला.

भिंगरी उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. “एक विचारू? बुधवारी दुपारी बारा वाजता या चौघांतलं घरी कोण असतं?”

“मी बसवर,” ड्रायव्हर म्हणाले. “मी बँकेत.” “मी व्यायामशाळेत.” भिंगरीचे बाबा मान खाली घालून पुटपुटले, “मी तर त्या वेळी शहरातच नसतो.”

“झालं तर! तुम्ही यादी केलीत रविवारी. रविवारी सगळे घरी असतात. आगीला काय रविवारची सुट्टी हवी असते?”

कुणीतरी फस्सकन हसलं. काकांचा चेहरा पडला. पण माणूस मनाचा मोठा, त्यांनी कागदावर फुली मारली आणि पेन भिंगरीपुढे केलं. “कर बाई. तूच कर यादी.”

पुढचे चार दिवस भिंगरी वही घेऊन घरोघर फिरली. प्रश्न एकच, कोण कधी घरी असतं? उत्तरं मात्र वाट्टेल ती. “नवरा कधी घरी असतो ते मला कळलं असतं तर काय हवं होतं!” असं एक. “आम्ही घरी असतो, पण ते कुणाला सांगू नकोस,” असं दुसरं. चौथ्या मजल्यावर, भिंगरीच्या समोरच्या दारात, दोघी म्हाताऱ्या बहिणी राहायच्या. दोघींनी आयुष्यभर एकाच वाचनालयात काम केलेलं आणि आयुष्यभर भांडण. भिंगरीनं त्यांच्यापुढे ‘कायम घरी, उचलायला नाही’ असं लिहिलं आणि पुढे गेली.

चार दिवसांनी वहीत दिवसाचे तुकडे पडले होते. सकाळी अकरापर्यंत अमुक, संध्याकाळी चारनंतर तमुक. अवघड तुकडा होता अकरा ते चार. त्यात सापडले पहिल्या मजल्यावरचे भट्टीकाका. ते रात्रभर पावाच्या भट्टीवर काम करायचे आणि दिवसभर ढाराढूर झोपायचे, पण कणीक मळून मळून हात मात्र खांबासारखे. दुसऱ्या पोहणाऱ्या ताई. त्या सकाळ-संध्याकाळ तलावावर पोरांना पोहायला शिकवायच्या, दुपारी घरी. खांदे असे, की व्यायामशाळेवाल्यांनी बघून लाजावं. तिसरे नोकरीतून निवृत्त झालेले आपले सेक्रेटरीकाका. आणि चौथी? चौथी अर्थात भिंगरी स्वतः. तिनं नाव लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

पण उचलायचं कशात? चाकाची खुर्ची जिन्याच्या वळणावर अडकायची. काजमावशींनी तो प्रश्न एका संध्याकाळी निकालात काढला. जाड कॅनव्हास आणला, स्वतःच्या उंचीचं माप घेतलं, कडा दुहेरी दुमडून शिवल्या आणि चार कोपऱ्यांना चार मजबूत पट्ट्या लावल्या. “माझं काज उसवलं असं आजवर एकाही शिंप्यानं म्हटलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “ही झोळी तर मी माझ्यासाठीच शिवलीय.”

पहिली चाचणी भिंगरीवरच झाली, तिचा कोपरा तेवढ्यापुरता बाबांनी धरला. मावशींइतकं वजन व्हावं म्हणून तिच्या पोटावर नववीची सगळी पुस्तकं ठेवली. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर सेक्रेटरीकाकांचा हात सुटला आणि भूगोल थेट तळमजल्यावर पोहोचला. वर बसून ऐकणाऱ्या काजमावशींनी हाक मारली, “ती भिंगरी होती का पुस्तक?”

“पुस्तक!”

“मग चालेल!”

हळूहळू जमत गेलं. पाय पुढे, डोकं मागे. दर वळणावर झोळी टेकवायची, तीन आकडे मोजायचे, पुन्हा उचल. भट्टीकाका घंटेनं जागे होत नव्हते, म्हणून खाली जाता जाता पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचं दार पातेल्यानं बडवायचं असं ठरलं. पण भट्टीकाका तर आधी वर पाचव्या मजल्यावर यायला हवेत! मग काकूंनी घंटा झाल्या झाल्या, बाकी काही न करता, आधी दार बडवायचं असं ठरलं. काकूंनी ते काम इतक्या आवडीनं स्वीकारलं, की भट्टीकाकांना जरा धास्तीच वाटली.

सुट्टीतल्या शेवटच्या चाचणीत खुद्द काजमावशी झोळीत बसल्या. आठ मिनिटं चाळीस. भिंगरी फाटकाशी अक्षरशः नाचली.

दहावीचं वर्ष सुरू झालं. दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, गणिताच्या तासाला, भिंगरी खिडकीजवळच्या बाकावर एका समीकरणाशी झटापट करत होती. शाळा इमारतीच्या समोरच, मध्ये फक्त एक मैदान. तेच मैदान इमारतीची जमायची जागाही होतं. घड्याळात अकरा वीस झाले होते.

घंटा वाजली. शाळेची नव्हे. भिंगरीनं ती शंभर आवाजांतून ओळखली असती. तिनं मान वर केली तर फाटकाशी अग्निशमन केंद्राची लाल गाडी आणि तिच्यापाशी हातात घड्याळ घेतलेल्या गणवेशातल्या एक बाई.

“आली! आली परीक्षा!” ती आनंदानं ओरडली. सगळा वर्ग तिच्याकडे बघायला लागला. आणि दुसऱ्याच क्षणी तिचं पेन हातातून गळलं.

अकरा ते चार. चौथं नाव भिंगरी. आणि भिंगरी इथे.

तिनं यादी सुट्टीत केली होती! सुट्टीत ती दिवसभर घरी असायची, म्हणून अकरा ते चारच्या तुकड्यात स्वतःला लिहून मोकळी झाली होती. रविवारी यादी करणाऱ्या मोठ्यांना भर गच्चीत हसणारी ती, तिनं स्वतः नेमकी तीच चूक केली होती. वर दोन रेघाही ओढल्या होत्या.

“बाई, मला जाऊ द्या! समोरच आहे, दोन मिनिटांत पोहोचते. माझ्याशिवाय एक कोपरा रिकामा आहे!” तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. झोळी, मावशी, भाची, भिंतीकडे उघडणारी खिडकी.

गणिताच्या बाई कडक म्हणून शाळेत प्रसिद्ध. त्यांनी खडू ठेवला. “तुझी आत्ताची हजेरी कुठे लागलीय?”

“इथे.”

“मग तू इथेच. उद्या इथे काही झालं आणि तू न सांगता कुठेतरी पळालेली असलीस, तर तुला शोधायला मी आत जायचं का? ज्याची मोजणी जिथे, तो तिथे. हे तुझ्या सेक्रेटरीकाकांनी शिकवलं नाही तुला?”

शिकवलं होतं. तेच शब्द. भिंगरीचे डोळे भरून आले. बाईंनी ते बघितलं, खिडकी पूर्ण उघडली आणि म्हणाल्या, “समीकरण कुठे पळून जात नाही. या सगळे. बघू या.”

तीस जणांचा वर्ग खिडक्यांना चिकटला. खाली मैदानात माणसं येत होती, आणि या वेळी खरीखुरी! कुणी एका पायात चप्पल घालून, कुणी केसांना टॉवेल गुंडाळून, इस्त्रीवाल्या काकू चक्क चुरगळलेल्या गाऊनमध्ये. पहिल्या मजल्यावरच्या काकू पातेलं घेऊनच आल्या होत्या, म्हणजे दार बडवून झालं होतं. चार मिनिटं. पाच. सहा.

“आता ते चौथ्या कोपऱ्याला कुणाला लावतील?” शेजारच्या मैत्रिणीनं विचारलं.

“कुणालाच नाही. बाकी सगळे तर खाली उभे आहेत,” भिंगरी म्हणाली. मग तिनं पुन्हा मोजलं. तिच्या समोरच्या दारातल्या दोघी बहिणी मैदानात नव्हत्या. कायम घरी असणाऱ्या, उचलायला नसणाऱ्या. आता आणखी दोघी अडकल्या की काय?

सात मिनिटं. आठ. जिना फाटकातून दिसत नव्हता, दिसत होता तो फक्त आतला काळोखा चौकोन. बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत मोठ्यानं सांगत होत्या, “आठ चाळीस. नऊ.”

“नऊ दहा,” बाई म्हणाल्या, आणि चौकोनातून आधी भट्टीकाकांची बनियन दिसली. त्यांच्या जोडीला सेक्रेटरीकाका, घामानं निथळणारे. मग झोळी. मागच्या एका कोपऱ्याला पोहणाऱ्या ताई. आणि दुसऱ्या कोपऱ्याला, एकाच पट्टीला दोघींनी चार हातांनी धरून, चौथ्या मजल्यावरच्या बहिणी! धाकटी थोरलीवर खेकसत होती हे मैदानापलीकडूनही समजत होतं. झोळीत काजमावशी आडव्या, एक हात वर करून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या.

“नऊ बत्तीस!” बाई ओरडल्या. कडक बाई, चक्क ओरडल्या. वर्गानं असा गलका केला की मुख्याध्यापक धावत आले आणि त्यांना सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली.

चार वाजता भिंगरी सुसाट घरी. जिना दोन-दोन पायऱ्या चढत थेट पाचव्या मजल्यावर. काजमावशी खुर्चीत काजं करत बसलेल्या, जसं काही झालंच नाही. पलंगावर दोघी बहिणी पाय शेकत होत्या.

“मावशी, मी चुकले हो. मी माझं नाव—”

“ठाऊक आहे मला. शाळा उघडली त्या दिवशीच लक्षात आलं. तू दप्तर घेऊन खालून हात केलास आणि मी म्हटलं, अरेच्चा, माझा चौथा कोपरा चालला शाळेत!”

“मग मला सांगितलं का नाही?”

“सांगणार होते. पण तू रोज येऊन दहावी, दहावी, दहावी. मला बोलायला फट कुठे मिळते तुझ्यापुढे?”

थोरल्या बहिणीनं पलंगावरून सांगितलं, “आम्हाला विचारलं तिनं. मी म्हटलं, एकटीला नाही झेपायचं. ही म्हणाली, मला एकटीला झेपेल.”

“झेपलंच असतं,” धाकटी म्हणाली. “हिनं मध्ये हात घातला म्हणून उशीर झाला.”

“चाळीस वर्षं पुस्तकांचे गठ्ठे उचलले आम्ही, आणि तू वहीत काय लिहिलंस गं? उचलायला नाही?” थोरली भिंगरीकडे वळली.

भिंगरीला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. तिनं दोघींना न विचारताच लिहून टाकलं होतं. तिनं वही काढली, स्वतःचं नाव खोडलं आणि त्या जागी दोघींची नावं लिहिली. धाकटीनं आपलं आधी लिहायला लावलं.

संध्याकाळी भाची आली. काकांनी तिला केंद्राचा कागद दाखवला. नऊ मिनिटं बत्तीस सेकंद, एकूण एक माणूस खाली, आणि शेवटी अधिकारी बाईंची सही. भाचीनं कागद वाचला, परत दिला आणि कमरेवर हात ठेवला.

“कागदावर काय, कुणीही लिहील. माझ्या मावशीचा जीव या कापडावर टांगायचा? दोन म्हाताऱ्या आणि एक झोपाळू माणूस?”

“झोपाळू नाही, रात्रपाळी,” भट्टीकाका म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी काजमावशींकडे पाहिलं. त्यांनी सुई कापडात खोचली, झोळी पलंगावर पसरली आणि हातानं थोपटली.

“पड हिच्यात.”

“कोण, मी?”

“तू माझ्याहून पाच किलो जास्तच भरशील. पड. घाबरतेस?”

घाबरतेस असं विचारल्यावर या घराण्यातली कुठलीच बाई मागे हटायची नाही. भाची पर्स छातीशी धरून झोळीत आडवी झाली. चार वाजून गेले होते, म्हणजे आता पाळी दुसऱ्या माणसांची होती. पुढे बसड्रायव्हर आणि व्यायामशाळेवाले, मागे बँकवाले आणि भिंगरी. दारात खुर्चीत बसून काजमावशींनी हुकूम सोडला, “उचला!”

चौथ्या मजल्यावर भाची म्हणत होती, “हळू, हळू, अगं आई गं!” तिसऱ्याच्या वळणावर झोळी टेकली, तीन आकडे मोजले, पुन्हा उचलली, तेव्हा ती शिवणीवरून बोटं फिरवत होती. दुसऱ्यावर तिनं विचारलं, “हे कापड दुहेरी आहे का?” भिंगरीनं दातओठ खात सांगितलं, “कडा दुहेरी दुमडल्यात. बोलू नका, माझा श्वास जातो.” पहिल्यावर तिला हसू फुटलं आणि एकदा सुटलेलं हसू तळमजल्यापर्यंत थांबलं नाही.

मैदानात झोळी टेकवली. भाची तशीच पडून राहिली, वर पाचव्या मजल्याच्या खिडकीकडे बघत. खिडकीतून काजमावशी ओरडल्या, “काय गं? नेतेस का मला?”

“राहा तिथेच!” भाची खालून ओरडली. मग भिंगरीकडे वळून हळूच म्हणाली, “महिन्यातून एक बुधवार मी दुपारी मोकळी असते. त्या तुकड्यात माझं नाव घाल. पण मला विचारून लिहिलंस असं लिही.”

भिंगरीनं वही उघडली. “विचारते. तुम्हाला पुढचा कोपरा चालेल का मागचा?”